आठ खाटांची खोली

परदेशातल्या हॉस्टेलचे फोटो मोबाईलवर फार छान दिसतात. पांढऱ्याशुभ्र चादरी, रंगवलेल्या भिंती, गच्चीवर गप्पा मारत बसलेली तरुण मंडळी आणि खाली भाड्याचा आकडा, तोही हॉटेलच्या मानाने अगदीच किरकोळ. फोटोत घोरणे मात्र ऐकू येत नाही. ओल्या टॉवेलांचा वास येत नाही. मध्यरात्री दोन वाजता दिवा लावून बॅग आवरणारा पाहुणाही दिसत नाही.

हा विषय आपल्या वाचकांच्या घरात येऊन पोहोचला आहे, म्हणून लिहीत आहोत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, बोर्ली पंचतन या भागातून माणसे पूर्वीही परदेशी जात होती. पण ती बोटीवर किंवा गल्फला, आणि राहण्याची व्यवस्था कंपनी करायची. आता मुले-मुली शिकायला आयर्लंडला, जर्मनीला, इंग्लंडला जातात. तिथे भाड्याची खोली लगेच मिळत नाही, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे हॉस्टेलमध्ये काढावे लागतात. काही तरुण जोडपी उमरा करून परतताना तुर्कस्तान पाहून येतात. आमच्यासारखे मास्तर लोकही वर्षानुवर्षे पैसे साठवून मे महिन्याच्या सुट्टीत एखादा देश पाहतात. हॉटेल परवडत नाही, मग हॉस्टेल.

आम्ही चौघे, म्हणजे दोन शिक्षक जोडपी, दोन वेगवेगळ्या सुट्ट्यांत क्वालालंपूर आणि इस्तंबूल इथल्या हॉस्टेलांत राहिलो. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुला-मुलींचे फोनही अधूनमधून येत असतात. या साऱ्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हॉस्टेलमधल्या त्रासांच्या दोन याद्या करायला हव्यात. पहिली अडचणींची, म्हणजे सोसायच्या गोष्टींची. दुसरी धोक्याची, म्हणजे मुळीच सोसायच्या नाहीत अशा गोष्टींची. आपली मुले बऱ्याचदा या याद्यांची अदलाबदल करतात. चादर मळकी म्हणून भांडतात आणि पासपोर्ट मात्र काउंटरवर ठेवून फिरायला जातात.

कल्पना एका मास्तरांची

हॉस्टेलची कल्पना मुळात एका शाळामास्तरांची आहे, हे आम्हाला विशेष आवडले. जर्मनीतल्या आल्टेना गावचे रिचर्ड शिरमान मुलांना घेऊन पायी सहली काढत. ऑगस्ट १९०९ मध्ये अशाच एका सहलीत त्यांना वादळाने गाठले. वाटेतल्या एका गावच्या शाळेत सगळ्यांना आसरा मिळाला. बाके बाजूला सारली, पेंढा पसरला आणि मुले त्यावर झोपली. मास्तर जागेच होते. सुट्टीत शाळांचे वर्ग रिकामे पडलेले असतात, तिथे फिरतीवरच्या मुलांना उतरू दिले तर, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे १९१२ मध्ये आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले आणि १९३२ मध्ये अशा वसतिगृहांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

त्या जुन्या वसतिगृहांत मुलग्यांची आणि मुलींची खोली वेगळी असे. दिवे ठरल्या वेळी बंद होत आणि सकाळी झाडलोट मुलांनीच करायची असे. आजची बॅकपॅकर हॉस्टेले हा बहुतांशी खाजगी धंदा आहे. खाटा तशाच, एकावर एक. पण शिस्त लावणारे मास्तर तिथे नाहीत. आठ देशांची आठ माणसे एका खोलीत येतात आणि प्रत्येक जण आपापल्या घरची शिस्त सोबत आणतो. बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

आपल्या किनाऱ्याला ही खोली नवी नाही

अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपणे आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलेच ठाऊक होते. पी अँड ओसारख्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची कामे करणाऱ्यांत कोकणी मुसलमान खलाशांचा मोठा भरणा असे. सारंग, टंडेल, खलाशी हे शब्द आपल्या घरांत आडनावांसारखे वापरले गेले. त्या बोटींवर झोपायला जागा किती होती? १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात बोटीवरच्या खलाशासाठी ७२ घनफूट जागा ठरलेली होती. हिंदुस्थानी खलाशाला मात्र ३६ घनफूट. मुलांनी वहीत गणित करून पाहावे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी पेटी म्हणजे ३६ घनफूट. हॉस्टेलच्या खालच्या खाटेवर जेवढी जागा मिळते, जवळजवळ तेवढीच. फरक असा की आपली मुले तिथे चार रात्री काढतात आणि त्या माणसांनी उमेदीची सारी वर्षे त्या पेटीत काढली.

बोट लंडनला लागली की परतीची बोट मिळेपर्यंत खलाशांना तिथेच थांबावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना ठेवण्यासाठी ज्या बराकी होत्या, त्यांची पाहणी ब्रिटिश संसदेच्या समितीने १८१४-१५ च्या सुमारास केली. दाटी, अस्वच्छता आणि झोपायला फळ्या, अशी तिथली अवस्था होती. बराकीबाहेर राहणाऱ्यांची अवस्था आणखी वाईट. गोदीच्या आसपासचे लॉजवाले खलाशांना गोड बोलून आत घेत, कर्जात अडकवत आणि पगार संपला की रस्त्यावर काढत.

यावर उपाय म्हणून १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात, वेस्ट इंडिया डॉक रोडवर, एक वसतिगृह उघडले. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण समुद्रातील बेटांवरून आलेल्या परक्यांचे घर, असे त्याचे लांबलचक नाव. पायाचा दगड आदल्या वर्षी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी बसवला होता, आणि देणगीदारांत पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग होते. झोपायला जागा, पैसे व चीजवस्तू सुरक्षित ठेवण्याची सोय आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीवर काम शोधून देणे, ही तिथली मुख्य कामे. ख्रिस्ती मिशनरीही तिथे येत. त्यांतले जोसेफ सॉल्टर हिंदुस्थानी शिकले होते. आसऱ्याबरोबर धर्मप्रचारही चाले. १९३७ मध्ये हे घर बंद झाले. हिंदुस्थानी किनाऱ्यांवरच्या खलाशांसाठी परदेशातले हॉस्टेल म्हणायचे तर ते हेच.

मायदेशातही तीच तऱ्हा. गावाहून लाँचने मुंबईला गेलेला माणूस बोटीवर नंबर लागेपर्यंत गावाच्या जमातीच्या खोलीत उतरे. खोली एक, माणसे अनेक, प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी लावलेली. हजला निघालेले लोक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि मग मोगल लाइनच्या बोटीने जिद्दाला जात. मुंबई-जिद्दा प्रवासाला १२ ते १५ दिवस लागत. १९९५ मध्ये हा समुद्रमार्ग बंद झाला, पण त्या बोटीवरच्या दाटीवाटीच्या गोष्टी सांगणारे वडीलधारे आजही आपल्या मोहल्ल्यांत आहेत.

तेव्हा हॉस्टेलमधून "इथे राहणे शक्यच नाही" असा फोन आला, तर घरातल्या आजोबांना तो ऐकवावा. ते हसतील. पण हसून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारतील, "ट्रंकेला कुलूप आहे ना?" अनुभवी माणसाला पहिली आठवण कुलपाची होते.

सोसायच्या गोष्टी

आता अडचणींची यादी. ती लांबलचक आहे आणि तिच्यातले बरेचसे नंतर हसण्यावारी जाते.

पहिली अडचण झोपेची. क्वालालंपूरच्या खोलीत पुरुषांच्या बाजूला आठ खाटा होत्या आणि घोरणारे तिघे. तिघांचा ताल वेगळा. एक थांबला की दुसरा सुरू. इलाज एकच, कानात घालायचे बोळे. औषधाच्या दुकानात मिळतात, निघतानाच घ्यावेत. घोरणाऱ्याला हलवून उठवण्यात अर्थ नसतो. तो बिचारा माफी मागतो आणि पाच मिनिटांत पुन्हा घोरतो.

दुसरी अडचण शिडीची. वरच्या खाटेची शिडी उभी आणि अरुंद असते. तरुणांना त्यात गंमत वाटते, पण चाळिशीनंतरच्या गुडघ्यांना ती रात्री दोनदा उतरणे म्हणजे शिक्षा. खाट राखतानाच "खालची हवी" असे लिहून कळवावे. मिळेलच अशी खात्री नसते, पण मागणाऱ्याला मिळण्याची शक्यता अधिक.

तिसरी अडचण वेळेची. बऱ्याच हॉस्टेलांत खोलीचा ताबा दुपारनंतर मिळतो आणि निघायचे असते सकाळी दहा-अकराला. रात्री काउंटरवर माणूस असेलच असे नाही. इस्तंबूलला आमचे विमान उशिरा पोहोचले. हॉस्टेलच्या दारी गेलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. दाराला आकड्यांचे कुलूप, आणि ते आकडे आम्हाला कोणी कळवलेच नव्हते. बेल वाजवली, फोन लावले. शेवटी चौघेही बॅगांवर बसून राहिलो. समोरच्या बेकरीवाल्याने भट्टी पेटवली, आम्हाला पाहिले आणि न मागता चार ग्लास चहा आणून दिला. पैसे घेतले नाहीत. फजरची अजान झाली, आम्ही जवळच्या मशिदीत नमाज पढून आलो, आणि सात वाजता दार उघडले. तेव्हापासून आमचा नियम असा की उशिरा पोहोचणार असू तर आदल्या दिवशी फोन करून दार कसे उघडायचे ते विचारून लिहून घ्यायचे.

चौथी अडचण न्हाणीघराची. मलेशियात संडासात पाण्याचा पाइप असतो आणि तुर्कस्तानात भांड्यालाच नळ जोडलेला असतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. युरोपात इतरत्र बहुतेक ठिकाणी फक्त कागद. आपल्या लोकांसाठी ही मोठीच पंचाईत. झाकण असलेली प्लास्टिकची छोटी बाटली सोबत ठेवली की प्रश्न सुटतो. वजू करताना बेसिनमध्ये पाय वर घेणे टाळावे. फरशी ओली होते, मागून येणारा घसरतो, आणि आपल्याबद्दल नाराजी पसरते ती निराळीच. पाय न्हाणीत धुवावेत आणि बाहेर पडण्यापूर्वी फरशी पुसावी. प्रवासात नमाज कसर करण्याची सवलत आहेच. आपण कोकणी लोक बहुतेक शाफई, त्यामुळे प्रवासात दोन नमाजा एकत्र करण्याचीही मुभा आपल्याला आहे. किती दिवसांच्या मुक्कामापर्यंत, वगैरे मसले निघण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारून घ्यावेत. हॉस्टेलच्या खाटेवर बसून मोबाईलमध्ये ते शोधू नयेत.

पाचवी अडचण स्वयंपाकघराची. सामाईक ओटा, सामाईक तवे. सकाळी त्याच तव्यावर कुणीतरी डुकराचे मांस परतलेले असते. यावरून भांडण्यात अर्थ नाही. तो तवा सगळ्यांचा आहे. एक लहानसे पातेले आणि एक चमचा आपल्या बॅगेत असावा. उकडलेली अंडी, ब्रेड, फळे, खजूर यांवर सकाळ निभते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या वस्तूवर नाव आणि निघण्याची तारीख लिहावी. तरीही दही नाहीसे होऊ शकते. मलेशियात हॉटेल-हॉस्टेलांच्या दारावर ड्युरियन फळ आत आणू नये अशी पाटी दिसते, कारण त्याचा वास दिवसभर जात नाही. ती पाटी पाहून आम्हाला आपल्या सुकटीची आठवण झाली. आणि आठवण योग्यच होती. डब्लिनला शिकायला गेलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तिथल्या आशियाई दुकानातून सुकट आणली आणि हॉस्टेलच्या ओट्यावर लसूण-मिरची घालून परतली. धुराची घंटा वाजली आणि सगळी इमारत रिकामी झाली. रात्री दहा वाजता, थंडीत, लोक रजया पांघरून रस्त्यावर उभे. "सर, सगळे माझ्याकडेच बघत होते," तो फोनवर सांगत होता. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी खिडक्या उघड्या ठेवून भात आणि अंड्याचे कालवण केले, तेव्हा कुठे लोक बोलू लागले.

सहावी अडचण ढेकणांची. हा प्राणी गरीब-श्रीमंत पाहत नाही. २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांचा केवढा बोभाटा झाला, ते वाचकांना आठवत असेल. खोलीत गेल्याबरोबर बॅग गादीवर टाकू नये. आधी चादर वर करून गादीच्या शिवणी आणि खाटेचे सांधे पाहावेत. काळे ठिपके दिसले तर लगेच खाट बदलून मागावी. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि बॅग उन्हात ठेवावी. हा सल्ला आजीचाच आहे, आम्ही फक्त परदेशात वापरून पाहिला.

मुलींचा प्रश्न

आता दुसऱ्या यादीकडे वळू. हॉस्टेलची खोली राखताना "मिश्र" आणि "फक्त स्त्रियांसाठी" असे दोन प्रकार असतात. मिश्र खोली बहुधा थोडी स्वस्त असते, आणि घाईत तीच निवडली जाते. आमच्या भाचीचे असेच झाले. खोली राखून दिली होती एजंटने. ती पोहोचली आणि तिथूनच फोन केला, "मामू, खोलीत दोन मुलगे आहेत. काउंटरवाला म्हणतो, सगळे असेच राहतात, काही होत नाही."

आम्ही तिला सांगितले, "बेटा, तू खोलीत जाऊ नकोस. बॅग घेऊन काउंटरपाशीच बस. मुलींची खोली हवी, नसेल तर पैसे परत, एवढेच बोल. लाजू नकोस आणि रागावूही नकोस." अर्ध्या तासाने मुलींच्या खोलीत एक खाट निघाली. क्वालालंपूरला आमच्या सोबतच्या दोघींवरही हीच वेळ आली होती. राखलेली खाट स्त्रियांच्या खोलीतली, दिलेली मिश्र खोलीतली, आणि उत्तर "आज फुल्ल आहे". आम्ही राखणीचा कागद समोर ठेवला आणि तिथून हललो नाही. शेवटी त्या दोघींना वेगळी लहान खोली मिळाली.

सगळे असेच राहतात, हे वाक्य मुलींना फार ऐकावे लागते. कोण कसे राहते हा त्यांचा प्रश्न. आपल्याला जिथे झोप लागणार नाही, तिथे राहायचे नाही, हे सांगायला कुठल्याही मुलीला लाज वाटू नये. आणि घरच्यांनी फोनवर पहिले वाक्य "तुला आधीच सांगितले होते" असे बोलू नये. तसे बोलले की पुढच्या वेळी फोन येत नाही, आणि फोन न येणे ही सगळ्यांत मोठी काळजी.

लहान मुले बरोबर असतील तर आणखी एक गोष्ट. अनेक हॉस्टेले १८ वर्षांखालील मुलांना सामाईक खोलीत घेत नाहीत आणि काही ठिकाणी वरच्या वयाचीही अट असते. नियम वाचूनच पैसे भरावेत.

मुळीच सोसायच्या नाहीत अशा गोष्टी

पासपोर्ट पहिला. हॉस्टेलवाला पासपोर्ट पाहील, त्याची नोंद करील किंवा प्रत काढून घेईल. अनेक देशांत तसा नियम आहे. पण मूळ पासपोर्ट ठेवून घेऊ द्यायचा नाही. तो अंगावर, कपड्यांच्या आत, किंवा आपल्या कुलपाच्या कपाटात. बहुतेक हॉस्टेलांत खाटेपाशी लहान कपाट असते, पण कुलूप आपले न्यावे लागते. पन्नास-शंभर रुपयांचे कुलूप विसरल्यामुळे परदेशात दूतावासाच्या फेऱ्या मारणारे लोक आम्ही ऐकून आहोत. गल्फला कामाला जाणाऱ्यांनाही हेच लागू. कतारमध्ये २०१५ च्या २१ क्रमांकाच्या कायद्याने मालकाला कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्यास मनाई केली आहे. कायदा असला तरी तो ठाऊक असलेल्याच्याच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट आग. इथे आम्ही वाचकांना थोडे थांबायला सांगतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात चिल्डर्स नावाचे लहान गाव आहे. शेतांत फळे-भाज्या काढायला देशोदेशीचे तरुण तिथे येतात आणि हॉस्टेलमध्ये राहतात. २३ जून २००० च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला एका माणसाने आग लावली. १५ तरुण मुले-मुली गेली. धुराची सूचना देणारी यंत्रणा बंद होती. एका खोलीत बाहेर पडायच्या दारासमोरच दुमजली खाट लावलेली होती.

दुसरी घटना आपल्या अगदी जवळची. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. आग तळमजल्यावर, माणसे वर झोपेत. बरेच जण धुराने गुदमरले. ४५ भारतीयांचे मृतदेह १४ जून रोजी हवाई दलाच्या विमानाने कोचीला आणले गेले. ती माणसे सहलीला गेली नव्हती. पोटासाठी दाटीवाटीत राहत होती. आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतली माणसे अशाच खोल्यांत झोपतात, म्हणून त्या दिवशी गावोगावी फोन लागत होते.

मिनामध्ये १९९७ च्या हज काळात तंबूंना लागलेल्या आगीत ३०० हून अधिक हाजी शहीद झाले. त्यानंतर तिथे न जळणाऱ्या कापडाचे तंबू आले. आज हाजी मिनामध्ये खांद्याला खांदा लावून झोपतात. दाटी आहे, पण तो तंबू पेटत नाही. अडचण आणि धोका यांतला फरक यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून खोलीत गेल्यावर पहिली पाच मिनिटे द्यावीत. बाहेर पडायचे दुसरे दार कुठे आहे? ते उघडते का, की कुलूप आहे? त्यासमोर खाट किंवा सामान आहे का? खिडकीला गज आहेत का? छतावर धुराची घंटा आहे का? तिच्यावर कुणी पिशवी तर बांधली नाही ना? सिगारेट ओढणारे लोक असे करतात. दार बंद असेल तर काउंटरवर सांगावे. दुर्लक्ष झाले तर पैसे बुडाले तरी चालतील, जागा बदलावी. आम्ही मुलांना हेच सांगतो की पैशांचा हिशेब नंतर करू.

तिसरी गोष्ट त्रास देणारा माणूस. दारू पिऊन अंगावर येणारा, सामानाला हात लावणारा, मुलीच्या खाटेपाशी रेंगाळणारा. इथे समजूतदारपणा दाखवायचा नाही. लगेच काउंटर, नाही तर पोलीस. युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो. जिथे जाणार त्या शहरातील भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाईलच चोरीला गेला तर त्यातला क्रमांक काय कामाचा! परराष्ट्र मंत्रालयाचे मदद नावाचे पोर्टल आहे, त्यावर परदेशातली तक्रार घरूनही नोंदवता येते.

आपल्या शेजारच्या खाटेवरचा माणूस

एवढे लिहिल्यावर एक प्रश्न उरतो. खोलीतल्या बाकीच्या सात जणांना आपला काय त्रास होतो?

फजरचा गजर आपल्यासाठी असतो, सात जणांसाठी नाही. फोन कंपनावर ठेवून उशीखाली घ्यावा. कपडे, टोपी, मुसल्ला रात्रीच काढून ठेवावा, म्हणजे पहाटे पिशव्यांची सळसळ होत नाही. नमाज खोलीत दिवा लावून पढण्याऐवजी बैठकीच्या खोलीत किंवा गच्चीवर पढावी. घरचा फोन खाटेवर बसून मोठ्याने घेऊ नये. आपल्या कोकणात आवाज मुळातच मोठा, समुद्रापलीकडे ऐकू जावा असा. अत्तर बेताने लावावे.

सूरह निसामध्ये नातेवाईक, अनाथ आणि शेजारी यांच्या हक्कांबरोबर बाजूच्या सोबत्याचा आणि मुसाफिराचाही उल्लेख आहे. प्रवासात घटकाभर शेजारी आलेला माणूस त्यात येतो, असे अनेक मुफस्सिरांनी म्हटले आहे. हॉस्टेलची वरची खाट यापेक्षा वेगळी काय? तो कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हा प्रश्न तिथे येत नाही. तो बाजूला आहे, एवढे पुरते.

याचा अनुभवही आम्हाला आला. इस्तंबूलच्या खोलीत कोरियाचा एक म्हातारा होता. तीन दिवस त्याला आमची भाषा कळली नाही, आम्हाला त्याची. पण आम्ही पहाटे अंधारात चाचपडत उठतो हे त्याने पाहिले असावे. चौथ्या दिवशी त्याने आपली लहानशी बॅटरी आमच्या खाटेच्या दांडीला बांधून ठेवली, प्रकाश जमिनीकडे वळवून. निघताना आम्ही त्याला घरून नेलेली खोबऱ्याची वडी दिली. त्याने ती हुंगली, खाल्ली आणि दुसरी मागितली.

मुलांना परदेशी पाठवणाऱ्या घरांनी एवढे करावे. बॅगेत एक कुलूप, कानाचे बोळे, लहान पातेले, पाण्याची बाटली, त्या देशाच्या प्लगला चालणारा जोड आणि पासपोर्टच्या दोन प्रती ठेवाव्यात. मलेशियात तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो, तुर्कस्तानात दोन गोल पिनांचा. मग मुलाला किंवा मुलीला समोर बसवून दोन्ही याद्या एकदा वाचून घ्याव्यात. चादर, घोरणे, शिडी, तवा, रांग यांवर तक्रार करायची नाही. दार, आग, पासपोर्ट, अंगाला हात यांवर क्षणभरही गप्प बसायचे नाही. शेवटी सांगावे की मध्यरात्री कितीही वाजता फोन आला तरी तो उचलला जाईल, आणि उचलणारा आधी ऐकून घेईल.